एका घराची चार कर्जं

कर्जाचे दोनच प्रकार असतात, असं मी नोकरीत असताना मानत होते आणि समोर बसणाऱ्या प्रत्येकाला सांगतही होते. एक घराचं कर्ज आणि दुसरं बाकी सगळं. घराचं कर्ज ही खरं तर बचतच. हप्ते भरता भरता एक दिवस भिंती आपल्या होतात. आणि बाकी सगळं, म्हणजे पर्सनल लोन, सोनेतारण, भिशीतून उचललेले पैसे, मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज, हे हौसेचं आणि दिखाव्याचं. माणसं बुलेटपायी बुडतात, लग्नाच्या मांडवापायी बुडतात, घरापायी कुणी बुडत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं. कोल्हापुरातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी नोकरी झाली. समोरच्या खुर्चीत बसलेल्या तरुण जोडप्याला ‘भाडं म्हणजे पंचगंगेत टाकलेले पैसे’ असं ऐकवून मी गृहकर्जाचा अर्ज पुढे सरकवत असे.

आता मी तसं सांगत नाही. कुणी व्याख्यान देऊन माझं मत बदललं असं झालं नाही, आणि एका रात्रीत तर मुळीच नाही.

ते मत आलं कुठून, हे आधी सांगायला हवं. आम्ही नवरा-बायको दोघं नोकरीत. नव्वदच्या दशकात साने गुरुजी वसाहतीच्या बाजूला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. व्याजाचा दर आजच्यापेक्षा चांगलाच चढा होता. पण घराची किंमत आमच्या दोघांच्या तीनेक वर्षांच्या पगारात बसत होती. पुढे वेतन आयोग आले, पगार वाढले आणि हप्ता होता तेवढाच राहिला. शेवटच्या वर्षांत तर महिन्याच्या वाणसामानापेक्षा हप्ता कमी होता. आमच्या पिढीतल्या बहुतेक पगारदारांची कथा अशीच आहे, म्हणून आम्ही सगळे एकाच सुरात बोलतो. माझा भाचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला आहे. हातात येणारा पगार पंचावन्न हजार. पाचगाव रस्त्याला त्याने पाहिलेला फ्लॅट चाळीस लाखांचा. म्हणजे काहीही न खाता-पिता सहा वर्षांचा अख्खा पगार. माझा सल्ला आणि त्याचा बाजार यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता, पण ते लक्षात यायला मला बँकेतून बाहेर पडावं लागलं.

निवृत्तीनंतर पेठेतल्या एका पतसंस्थेवर मी तज्ज्ञ संचालक म्हणून जाऊ लागले. महिन्यातून दोनदा कर्ज समिती बसते, चहा-बिस्किटं होतात आणि अर्जांचा गठ्ठा पुढे येतो. दोन लाख, तीन लाख, पाच लाख. कर्जाच्या कारणासाठी अर्जात एक रकाना असतो आणि त्यात जवळजवळ प्रत्येकाने ‘घरगुती अडचण’ लिहिलेलं असतं. लिहिणाराही तेच लिहितो, वाचणाराही तेच वाचतो, जामीनदारांच्या सह्या बघतो आणि पुढच्या पानावर जातो. मीही तसंच करत होते. पण निवृत्त माणसाला वेळ असतो आणि चौकशीची खोड मोडत नाही. अर्जदार बाहेर बाकावर बसलेला असला तर मी सहज विचारू लागले, कशाला लागतात हो पैसे?

उत्तरं ऐकून मी चकित झाले. चैन नव्हतीच असं नाही. पण एकामागून एक माणूस घराचंच काहीतरी सांगत होता. दस्ताला स्टॅम्प भरायचाय. बिल्डरने ताबा लांबवला, भाडं आणि बँकेचं व्याज दोन्ही चालू आहे. खिडक्यांना ग्रिल बसवायचंय. गुंठ्याचा शेवटचा हप्ता राहिलाय. पुराच्या पाण्यानं फरशी उखडली, ती अजून तशीच आहे. बँकेत असताना माझ्या टेबलावर गृहकर्जाची स्वच्छ फाइल येत असे: मूल्यांकन, टायटल सर्च, पगारपत्रक, मंजुरी. त्या फाइलीला बसत नाही ते सगळं बाहेर कुठे जातं, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. ते इथे, या बाकावर येत होतं.

बँकेतला माणूस ज्याला ‘मार्जिन’ म्हणून एका शब्दात उरकतो, ते उलगडून सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. 30 ते 75 लाखांच्या टप्प्यात 80 टक्क्यांपर्यंत. भाच्याच्या चाळीस लाखांच्या फ्लॅटला जास्तीत जास्त 32 लाख मिळणार. आठ लाख त्याचे स्वतःचे. नियम शहाणपणाचाच आहे. घेणाऱ्याचाही पैसा अडकलेला असावा, हा त्याचा हेतू. शिवाय मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च, अगदी छोटी घरं सोडली तर, त्या किमतीत धरत नाहीत. शहरात मुद्रांक शुल्क साधारण सहा टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. नोंदणीचे तीस हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी. मग वीजमीटर, सोसायटीची अनामत, पार्किंग, किचनचा ओटा-ट्रॉल्या, पंखे, पडदे, वास्तुशांत. हे सगळं मिळून चौदा-पंधरा लाख रुपये बँकेच्या बाहेरून उभे करायचे असतात. पंचावन्न हजार पगाराच्या मुलाकडे पंधरा लाख शिल्लक कुठून असणार? ‘घेणाऱ्याचा स्वतःचा पैसा’ असं नियमाला वाटतं, तो पैसाही कर्जाचाच असतो. सराफांच्या गुजरीतून आणलेले आईचे दागिने सोनेतारणात जातात. वडिलांचा पीएफ जातो. कंपनीतल्या सोसायटीचं कर्ज, मेहुण्याकडून हातउसने, आणि उरलेल्यासाठी पर्सनल लोन.

(घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, 2021 पासून. चांगली गोष्ट आहे. पण त्याच घराच्या मार्जिनसाठी तिच्या गळ्यातला साज जातो, त्याची नोंद कुठल्याच दस्तात होत नाही.)

एकदा समितीच्या टेबलावर मी हे गणित मांडलं. 32 लाखांचा साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांचा हप्ता सुमारे 27,770 रुपये. मार्जिनपैकी पाच लाख पर्सनल लोनचे धरले, 14 टक्के, पाच वर्षं, तर आणखी साडेअकरा हजारांच्या वर. झाले 39 हजार. पंचावन्न हजारांतले उरले सोळा. त्यात घर चालवायचं, आणि अजून सोनेतारणाचं व्याज आणि मेहुण्याचे पैसे राहिलेच. पुढच्या दोन वर्षांत हा मुलगा शाळेच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी आमच्याकडे येईल आणि रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहील. आम्ही म्हणू, बघा, पगार बरा आहे पण हात सैल आहे.

हे सगळं ज्यांना बँकेचं गृहकर्ज मिळतं त्यांचं. ज्यांना मिळतच नाही, त्यांच्याकडे मी नोकरीत असताना ढुंकूनही पाहिलं नव्हतं. कोल्हापूरची महापालिका 1972 मध्ये झाली. शहराची हद्द मात्र त्यानंतर वाढलीच नाही. हद्दवाढीवरून शहर आणि गावं यांची आंदोलनं, बंद, मोर्चे सगळं झालं. 2017 मध्ये हद्दवाढीऐवजी 42 गावांसाठी विकास प्राधिकरण काढलं. माणसं काही प्राधिकरणाची वाट बघत थांबली नाहीत. शहरात जागा परवडत नाही म्हणून ती उचगाव, मोरेवाडी, कळंबा, शिंगणापूर अशा गावांच्या शिवारात गेली आणि एक-दोन गुंठे घेऊन बसली. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. जमीन बिगरशेती झालेली नसते, सातबारावर दहा जणांची नावं सामाईक असतात, आणि 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एवढ्या लहान तुकड्याची खरेदी सरळ नोंदवता येत नव्हती. मग नोटरी, साठेखत, वटमुखत्यारपत्र. 2001 चा गुंठेवारी कायदा आला, 2021 मध्ये त्याची मुदत वाढवून डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, 2025 मध्ये नागरी भागांत तुकडेबंदीची अट शिथिल करायचा निर्णय झाला. पण ज्या माणसाने त्याआधी घर बांधलं त्याला त्या वेळी कुठलीच बँक दारात उभी करत नव्हती. टायटल नाही तर तारण नाही.

म्हणून उद्यमनगरातल्या फाउंड्रीत काम करणारा माणूस घर कसं बांधतो? जोत्यापर्यंत पतसंस्थेच्या कर्जातून. स्लॅब सोनेतारणातून. गिलावा भिशीतून. तालमीच्या, मंडळाच्या भिशीतून सभासदाला उचल मिळते शेकडा दोन किंवा तीन दराने, तेही महिन्याला. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के. सावकारी नियमनाच्या 2014 च्या कायद्याखाली परवानाधारक सावकारालासुद्धा बिगरशेती कर्जावर, तारण नसेल तर वर्षाला 18 टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. हा माणूस दुप्पट दराने व्याज भरतो आणि बाथरूमच्या फरशा बसवतो. त्याच्या आयुष्यातलं सगळं कर्ज घराचं आहे, पण कागदावर त्याच्याकडे एक रुपयाचंही गृहकर्ज नाही. माझ्या जुन्या हिशेबात तो ‘बाकी सगळं’मध्ये पडत होता. बेशिस्त, उधळ्या.

रिझर्व्ह बँकेच्या वित्तीय स्थैर्य अहवालात जून 2025 मध्ये एक आकडा आला. देशातल्या कुटुंबांवरच्या एकूण कर्जात गृहकर्जाचा वाटा सुमारे 29 टक्के, आणि गृहकर्ज सोडून इतर किरकोळ कर्जांचा सुमारे 55 टक्के. ही इतर कर्जं मुख्यतः उपभोगासाठीची, असं अहवाल म्हणतो. पूर्वी हा आकडा वाचला असता तर मी तो मांडीवर थाप मारून सगळ्यांना ऐकवला असता, की बघा, माणसं घर बांधत नाहीत, मोबाइल घेतात. आता मला वाटतं की त्या 55 मध्ये कितीतरी ग्रिलं, स्लॅब आणि स्टॅम्पपेपर लपलेले आहेत. किती, ते कुणी मोजत नाही, कारण अर्जात ते लिहिलेलंच नसतं. आमच्या गठ्ठ्यावरून देशाचा अंदाज बांधायचा माझा आग्रह नाही. एका पेठेतल्या पतसंस्थेचा गठ्ठा तो. पण दोन वेगळ्या डब्यांत टाकलेली कर्जं एकाच उंबऱ्यावरून आलेली असू शकतात, एवढं मला दिसलं.

गृहकर्ज स्वतःसुद्धा मी समजत होते तितकं निरुपद्रवी नाही. आमच्या काळी हप्ता एकदा ठरला की ठरला. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराशी, बहुतेक रेपोशी, बांधली गेली. 2020 मध्ये रेपो चार टक्क्यांवर आला, राज्याने मुद्रांक शुल्कात सवलत दिली आणि त्या भरात अनेकांनी घरं घेतली. मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत रेपो साडेसहावर गेला. 30 लाखांचं, 20 वर्षांचं कर्ज सात टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण 23,260. दर नऊ झाला आणि हप्ता तोच ठेवला तर महिन्याचं व्याजच 22,500. मुदत 38 वर्षांवर जाते. साडेनऊ झाला तर व्याज 23,750, म्हणजे हप्ता व्याजालाही पुरत नाही. दर महिन्याला भरणा करूनही कर्ज वाढत जातं. मग बँक मुदत ताणते, हप्ता वाढवते, किंवा दोन्ही करते. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की असं करताना कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत, हे त्याला निवडू द्या, स्थिर दराचा पर्याय द्या. नंतर 2025 मध्ये दर पुन्हा उतरले, बरं झालं. पण मधल्या काळात वाढलेले चार-पाच हजार भरण्यासाठी ज्यांनी क्रेडिट कार्ड फिरवलं, त्यांचं सिबिल कुणी सरळ करून दिलं नाही.

आणि पूर. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा. सुतारवाडा, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्क, शाहूपुरीची कुंभार गल्ली: दोन वर्षांत दोनदा घर धुऊन निघालं. त्या घरांचे हप्ते चालूच होते. सरकारी सानुग्रह अनुदानात चिखल काढून होतो, वायरिंग नाही होत. गृहकर्जासोबत बँक विमा काढते तो बहुतेकदा कर्जदाराच्या जिवाचा; घराचा पुराविरुद्धचा विमा ज्याने काढला होता, असा माणूस माझ्या बाकावर एकही भेटला नाही.

भाच्याने फ्लॅटची घाई करू नये, हे माझं म्हणणं ऐकून त्याची आई, म्हणजे माझी बहीण, एकदा चिडली. म्हणाली, ‘‘तू स्वतःच्या घरात बसून बोलतीयस. त्यानं काय जन्मभर भाड्यानं राहायचं?’’ तिचं चुकत नव्हतं. अकरा महिन्यांचा करार, दर वेळी वाढ, मुलांची शाळा सुटेल का ही धास्ती, आणि मालकाच्या चौकश्या. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या गावातसुद्धा ‘मटण करता का हो?’ असं विचारून जागा नाकारणारे मालक आहेत; आडनाव ऐकून नाकारणारे त्याहून जास्त. भाड्याचे गोडवे गाणारी माणसं बहुधा कधी भाड्याने राहिलेली नसतात. शिवाय ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालं. चाळीसहून जास्त वर्षांची मागणी होती ती, आनंद सगळ्यांनाच झाला; आणि त्याच आठवड्यात ‘आता जागा घेऊन ठेवा’ असंही गावभर सुरू झालं. सहा जिल्ह्यांचे वकील येणार, शेंडा पार्कात नवी इमारत होणार, भाडी चढणार. भाच्याला भीती वाटली यात नवल नाही.

पण बहिणीच्या चिडण्याचं खरं कारण वेगळं होतं. स्थळं. मुलीकडचे पहिल्याच फोनवर विचारतात, ‘स्वतःचा फ्लॅट आहे का?’ बायोडेटात पगाराच्या खाली तो रकाना असतो. मी त्या मुलीकडच्यांना नावं ठेवत नाही. एकुलती एक मुलगी देणाऱ्या बापाला चार भिंतींची खात्री हवी असते. पण परिणाम असा की मुलगा लग्नाआधी घर घेतो, त्याच वर्षी लग्न करतो, आणि दोन्हींचं कर्ज एकाच पगारातून फेडतो. ज्या फ्लॅटमुळे मुलगी मिळाली, त्याच फ्लॅटच्या हप्त्यासाठी तिचे दागिने वर्षाच्या आत तारण जातात. बायोडेटात ‘फ्लॅटवर किती कर्ज’ असाही रकाना असावा, असं मी बहिणीला म्हटलं. ती हसली नाही.

तेव्हा, घर घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. माझं मत एवढंच बदललं की घराची किंमत बँकेच्या मंजुरीपत्रात नसते. बँक, पतसंस्था, सोनेतारण आणि भिशी-हातउसने अशा चारही वह्या एकत्र मांडल्यावर जी बेरीज येते ती किंमत, आणि ती झेपत नसेल तर माणसाने थांबावं. भाड्याचे पैसे पंचगंगेत गेले असं आता मी म्हणणार नाही. चाळीस लाखांच्या फ्लॅटसाठी 39 हजार हप्ता भरण्यापेक्षा बारा-तेरा हजार भाडं भरून राहिलेल्या पैशांतून मार्जिन जमवणारा मुलगा मला हल्ली शहाणा वाटतो. पूर्वी मी त्याला आळशी म्हटलं असतं. भाडं भरून तो काही जमवणारच नाही, उडवेल, असा आमच्या समितीतल्या एका ज्येष्ठ संचालकांचा आक्षेप आहे; सक्तीच्या हप्त्याशिवाय आपल्या माणसांची बचत होत नाही, असं ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. माझ्याकडे त्याला पुरतं उत्तर नाही.

पतसंस्थेच्या अर्जात मी एक बदल सुचवला आहे: अर्जदाराचं दुसरीकडे घरासाठी काढलेलं कोणतंही कर्ज असेल, भिशी आणि हातउसने धरून, तर ते लिहायचं. चेअरमन म्हणाले, ‘‘मॅडम, एवढं विचारलं तर कर्ज कुणाला द्यायचं?’’ विषय पुढच्या सभेवर गेला, आणि तिथूनही पुढच्या.

भाच्याने शेवटी पाचगाव रस्त्याचा फ्लॅट सोडला. जुन्या इमारतीतला एक बेडरूमचा, चोवीस लाखांचा, दुसऱ्यांदा विकला जाणारा फ्लॅट घेतला. एकवीस लाख बँकेने दिले. आईच्या दागिन्यांना हात लावायचा नाही, ही माझी अट त्याने पाळली. स्टॅम्पला आणि नोंदणीला मात्र पैसे कमी पडलेच, ते कंपनीतल्या सोसायटीतून काढले. अर्ज माझ्यासमोर भरत होता. कारणाच्या रकान्यात सवयीने ‘घरगुती अ’ इतकं लिहून झालं होतं, मी ते खोडायला लावलं आणि ‘फ्लॅटच्या मुद्रांक शुल्कासाठी’ असं सबंध लिहून घेतलं.

‘‘मावशी, कारण बघून कोण देतंय-घेतंय?’’ तो म्हणाला. ‘‘तिथं जामीनदार बघतात फक्त.’’

बरोबर आहे त्याचं. तिथे तेवढंच बघतात.